सार्वजनिक गंगाजळी आणि ओळखीच्या माणसांचे वर्तुळ

समाजाचा एखादा प्रश्न उद्योजकाच्या धडाडीने सोडवू पाहणाऱ्या माणसांना, म्हणजे ‘सामाजिक उद्योजकां’ना, पैसा पुरवणाऱ्या एखाद्या ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांची यादी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने पूर्वी भूषवलेली पदे लिहीत जावे. हा उद्योग कोणालाही घरबसल्या करता येतो, कारण विश्वस्तांची नावे तेथील धर्मादाय आयोगाच्या नोंदवहीत सर्वांना खुली असतात. यादी पुरी होईपर्यंत एखादा माजी सरकारी सल्लागार, गुंतवणूक बँकेतून बाहेर पडलेला अधिकारी, व्यवस्थापन-सल्लागार कंपनीत उमेदवारी केलेला कोणी आणि हाउस ऑफ लॉर्ड्सचा एखादा सदस्य यांची बहुधा गाठ पडते. त्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एका गटाला यात कारस्थान दिसते आणि दुसरा गट ‘चालायचेच’ म्हणून पुढे जातो. मला दोन्ही आळशी वाटतात. कारस्थान शोधणारा लाचेचा पुरावा धुंडाळतो आणि तो मिळाला नाही की हिरमुसतो, तर ‘चालायचेच’ म्हणणारा पुरावा नाही म्हणजे प्रश्नही नाही अशी स्वतःची समजूत घालतो. खरा प्रश्न यांपैकी कोणीच विचारत नाही. जनतेकडून आलेला पैसा एकाच ओळखीच्या वर्तुळात फिरू लागला, तर समाजाच्या दुखण्याचे निदान कोण करते आणि कोणती निदाने विचारातच घेतली जात नाहीत, हा तो प्रश्न आहे.

ब्रिटनमधील ‘अनलिमिटेड’ ही संस्था या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीची आहे, आणि ती सोय तिच्या पैशाच्या उगमात आहे. कागदोपत्री तिचे नाव ‘फाउंडेशन फॉर सोशल आंत्रप्रेन्युअर्स’ असे आहे. आपल्या वस्तीसाठी काही करू पाहणाऱ्या एकेकट्या व्यक्तीला काहीशे ते काही हजार पौंडांचे अनुदान आणि जोडीला मार्गदर्शन द्यायचे, हे तिचे मुख्य काम. यामागची रक्कम कोणा दानशूर उद्योगपतीने दिलेली नाही, ती लॉटरीची तिकिटे काढणाऱ्या सामान्य लोकांच्या खिशातून आली आहे. जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने १९९३ साली राष्ट्रीय लॉटरीचा कायदा केला, नोव्हेंबर १९९४ मध्ये पहिली सोडत निघाली आणि लॉटरीच्या उत्पन्नातून सत्कार्यांसाठी जो वाटा काढला गेला त्याचा एक भाग ‘मिलेनियम कमिशन’कडे गेला. लंडनमधल्या ग्रिनिचचा ‘मिलेनियम डोम’ हा बदनाम घुमट ज्या आयोगाच्या पैशातून उभा राहिला तोच हा आयोग, आणि त्याचे अध्यक्षपद संस्कृती खात्याच्या मंत्र्याकडे असे. या आयोगाने व्यक्तींना छोटी अनुदाने देण्याची एक योजना चालवली होती. आयोगाचे आयुष्य मर्यादित होते, २००६ मध्ये तो गुंडाळलाही गेला. परंतु त्याआधी, २००३ च्या सुमारास, ही अनुदाने कायमची चालू राहावीत म्हणून त्याने १० कोटी पौंडांची गंगाजळी एका न्यासाच्या नावे करून दिली आणि तिचा एकमेव विश्वस्त म्हणून ‘अनलिमिटेड’ला नेमले.

ही संस्था सात संस्थांनी मिळून स्थापली होती. मायकल यंग यांनी १९९७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेले ‘स्कूल फॉर सोशल आंत्रप्रेन्युअर्स’, अमेरिकेतून आलेली ‘अशोका’, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतून निधी जमवणारी ‘कॉमिक रिलीफ’, ‘कम्युनिटी ॲक्शन नेटवर्क’ ही त्यांतली ठळक नावे. यंग म्हणजे १९४५ च्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे गृहस्थ. पुढे ते उमराव झाले. ‘कम्युनिटी ॲक्शन नेटवर्क’च्या संस्थापकांपैकी अँड्र्यू मॉसन यांनाही २००७ मध्ये उमरावपद मिळाले. ‘अशोका’चे संस्थापक बिल ड्रेटन मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत होते आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेत वरिष्ठ पदावर होते. म्हणजे पाळण्यातच या बाळाभोवती पक्ष, सरकार आणि सल्लागार कंपन्यांतून आलेली माणसे जमलेली होती. यात लपवाछपवी काहीच नव्हती, उलट तो तेव्हा अभिमानाचा विषय होता.

त्या काळाची हवा लक्षात घेतल्याशिवाय हा अभिमान कळत नाही. टोनी ब्लेअर १९९७ साली सत्तेवर आले तेव्हा ‘सामाजिक उद्योजक’ ही त्यांच्या राजकारणाची लाडकी व्यक्तिरेखा होती. जुन्या मजूर पक्षाला राज्यसंस्था प्रिय होती आणि थॅचरबाईंना बाजारपेठ. या दोहोंच्या मधला माणूस म्हणून सामाजिक उद्योजक पुढे केला गेला. या विचाराची बौद्धिक मशागत ‘डेमॉस’ या विचारगटाने केली. त्याच्या संस्थापकांपैकी एक जेफ मल्गन हे १९९७ नंतर पंतप्रधानांच्या कार्यालयात गेले, तेथे धोरणप्रमुखपदापर्यंत पोहोचले, बाहेर पडल्यावर मायकल यंग यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या ‘यंग फाउंडेशन’चे प्रमुख झाले आणि २०११ पासून २०१९ पर्यंत ‘नेस्टा’ या नवकल्पनांना पाठबळ देणाऱ्या संस्थेचे मुख्याधिकारी होते. ही ‘नेस्टा’सुद्धा लॉटरीच्याच पैशातून, १९९८ च्या कायद्याने, २० कोटी पौंडांच्या गंगाजळीवर उभी राहिलेली. मल्गन हुशार आणि कष्टाळू आहेत याविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नसावी. माझा मुद्दा त्यांच्या लायकीचा नाही. विचार मांडणारा, त्या विचाराचे सरकारी धोरण करणारा आणि त्या धोरणातून निघालेला पैसा सांभाळणारा, या तीन भूमिका एका पिढीच्या आत त्याच मंडळींकडे आल्या, हा मुद्दा आहे.

गंगाजळीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, आणि ती बाजू लेचीपेची नाही. दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर जगणारी संस्था दरवर्षी मंत्र्याच्या तोंडाकडे पाहते. मंत्री बदलला की योजनेचे नाव बदलते, नाव बदलले की अर्जाचे नमुने बदलतात आणि दरम्यान ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो माणूस कंटाळून निघून जातो. एकदाच मोठी रक्कम देऊन टाकायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्थेने स्वतंत्रपणे जगायचे, ही व्यवस्था राजकीय लहरीपासून संरक्षण देते. शिवाय ‘अनलिमिटेड’ने अशा हजारो लोकांपर्यंत पैसा पोहोचवला, ज्यांना नोंदणीकृत संस्था नव्हती, लेखापाल नव्हता आणि अनुदानाच्या अर्जाची भाषा येत नव्हती. हे लहान काम नाही. त्याच्या प्रतिकृती इतर देशांत निघाल्या, २००७ मध्ये मुंबईतही निघाली, त्या उगाच नव्हेत.

परंतु स्वातंत्र्य कोणापासून, हे विचारले की अडचण दिसू लागते. मंत्र्याच्या लहरीपासून सुटका करून घेताना संस्था जनतेच्या चौकशीपासूनही सुटते. ब्रिटनचा माहिती-स्वातंत्र्य कायदा २००० सालचा, तो २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. सरकारी आणि निमसरकारी संस्थांना तो लागू होतो. धर्मादाय संस्थांना सहसा होत नाही. म्हणजे लॉटरीचे १० कोटी पौंड आयोगाच्या तिजोरीत होते तोवर त्यांचा मालक जनता होती आणि ते विश्वस्ताकडे गेल्यावर जनता केवळ प्रेक्षक उरली. ‘नेस्टा’च्या बाबतीत हे संक्रमण डोळ्यांदेखत घडले. २०१० मध्ये हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने निमसरकारी संस्थांची छाटणी जाहीर केली आणि त्या झपाट्यात ‘नेस्टा’ एप्रिल २०१२ पासून स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली. गंगाजळी तीच, कामाचे स्वरूप बरेचसे तेच. मात्र निमसरकारी संस्था म्हणून तिच्यावर असलेले माहिती देण्याचे कायदेशीर बंधन गेले. सरकारी खर्चात काटकसर म्हणून हा निर्णय विकला गेला, आणि नागरिकाच्या हातून एक हक्क निसटला याची फारशी चर्चा झाली नाही.

धर्मादाय संस्थांना वार्षिक अहवाल द्यावा लागतो, लेखापरीक्षण करावे लागते, विश्वस्तांशी झालेले आर्थिक व्यवहार उघड करावे लागतात आणि ६० हजार पौंडांहून अधिक वेतन घेणारे कर्मचारी किती हेही सांगावे लागते, असे यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे. मात्र हे सारे नियम पैशाच्या व्यवहाराचा माग काढतात, ओळखीचा नाही. एखाद्या विश्वस्ताने स्वतःच्या कंपनीला कंत्राट दिले तर ते अहवालात येईल. पण निवड समितीवरच्या व्यक्तीने पूर्वी ज्या मंत्र्याच्या हाताखाली काम केले त्याच मंत्र्याच्या खात्याकडून संस्थेला नवा कार्यक्रम मिळाला, किंवा संस्थेचा प्रमुख उद्या जेथे नोकरीला जाणार आहे त्या संस्थेशी आज तो भागीदारीचा करार करतो आहे, हे अहवालात येण्याचे काही कारण नाही. लागेबांधे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि ते कोणत्याही कायद्याचा भंग करीत नाहीत.

हे वर्तुळ नेमके कसे फिरते, ते बँकांच्या बाजूने पाहिले की अधिक स्पष्ट होते. रोनाल्ड कोहेन हे ‘एपॅक्स’ या खासगी भांडवल कंपनीचे सहसंस्थापक, मजूर पक्षाचे देणगीदार. ब्लेअर सरकारच्या काळात, २००० साली, सामाजिक गुंतवणुकीचा विचार करणाऱ्या कृतिगटाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बँकांत वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या रकमांचे काय करावे यावरच्या अभ्यासगटाचेही ते अध्यक्ष होते. २००८ मध्ये मजूर सरकारने कायदा केला आणि १५ वर्षे ज्या खात्यांत खातेदाराने काहीच हालचाल केलेली नाही त्यांतील पैसा सामाजिक कामासाठी वापरण्याची वाट मोकळी झाली. खातेदार कधी उगवलाच तर त्याचे पैसे परत मिळण्याचा हक्क अबाधित ठेवून. पुढे सरकार बदलले. हुजूर पक्षाचे नवे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांची ‘बिग सोसायटी’ ही कल्पना अशी की सरकारऐवजी लोकांनीच समाजकार्यात पुढाकार घ्यावा. जुलै २०१० मध्ये लिव्हरपूलच्या भाषणात त्यांनी अशा कामांना भांडवल पुरवणाऱ्या ‘बिग सोसायटी’ बँकेची घोषणा केली, आणि २०१२ मध्ये ‘बिग सोसायटी कॅपिटल’ या नावाने ती संस्था सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते रोनाल्ड कोहेनच. पहिले मुख्याधिकारी निक ओ’डोनोहो जे.पी. मॉर्गनमधून आले होते. कोहेन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले हार्वी मॅकग्राथ हे ‘मॅन ग्रुप’ आणि ‘प्रुडेन्शियल’ या वित्तकंपन्यांचे अध्यक्षपद भूषवून आले होते. मजूर पक्ष जाऊन हुजूर पक्ष आला, धोरणाला नवे नाव मिळाले, पण खुर्चीवरचा माणूस ओळखीचाच राहिला. म्हणून या लागेबांध्यांना कोणत्या एका पक्षाचे म्हणता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच त्यांची अधिक काळजी वाटण्यासारखी बाजू आहे. एका पक्षाची माणसे असती तर निदान दुसऱ्या पक्षाने आरडाओरडा केला असता.

‘बिग सोसायटी कॅपिटल’चे भांडवल कोठून आले हेही पाहण्यासारखे आहे. बेवारस खात्यांतून ४० कोटी पौंड आणि चार मोठ्या बँकांकडून प्रत्येकी ५ कोटी, असे मिळून ६० कोटी. बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्स आणि आरबीएस या त्या बँका. त्यांचे पैसे आले ते फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारशी झालेल्या ‘प्रोजेक्ट मर्लिन’ या समझोत्यातून. उद्योगांना किती कर्ज द्यायचे, बोनसच्या बाबतीत किती संयम दाखवायचा, अशा राजकीयदृष्ट्या नाजूक गोष्टी त्याच समझोत्यात होत्या. लॉइड्स आणि आरबीएस या दोन बँका तर २००८ च्या कोसळण्यानंतर जनतेच्याच पैशाने वाचवल्या गेल्या होत्या. त्यांनी घातलेले ५-५ कोटी हे दान नव्हते. व्यापारी अटींवरची भागीदारी होती. आता या व्यवहाराकडे एका लहान धर्मादाय संस्थेच्या जागी बसून पाहावे. तिच्या गावात बेघरांची संख्या वाढली आहे. तिला कर्जाऊ भांडवल मिळू शकते, कारण बँकांना आपली प्रतिमा सावरायची आहे, सरकारला आपली घोषणा खरी करून दाखवायची आहे आणि मध्यस्थांना एक नवी बाजारपेठ उभी करायची आहे. ती बेघरांची संख्या का वाढली, हा प्रश्न मात्र या कर्जाच्या अर्जात कोठेच बसत नाही.

आणि ‘अनलिमिटेड’? तिचे सुमारे दहा वर्षे मुख्याधिकारी राहिलेले क्लिफ प्रायर २०१६ मध्ये ‘बिग सोसायटी कॅपिटल’चे मुख्याधिकारी झाले आणि २०२० मध्ये नफ्याबरोबर सामाजिक परिणामही साधू पाहणाऱ्या गुंतवणुकीचा जागतिक पुरस्कार करणाऱ्या एका संघटनेचे प्रमुख झाले, जिचे अध्यक्ष कोहेन होते. यात गैर काही नाही, हे मी पुन्हा सांगतो. प्रायर यांनी आधी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील मोठी संस्था चालवली होती, त्यांचा अनुभव खरा आहे आणि अनुभवी माणसाने एका पदावरून दुसऱ्या पदावर जाऊ नये असे कोणी म्हणत नाही. परंतु व्यक्तीच्या दृष्टीने जी कारकीर्द असते तीच क्षेत्राच्या दृष्टीने एक वहिवाट होते. तळाशी छोटी अनुदाने, मध्ये सामाजिक कर्ज, वर जागतिक गुंतवणूक परिषदा, अशी शिडी एकदा तयार झाली की तळाच्या पायरीवरील संस्थेलाही वरच्या पायरीची भाषा शिकावी लागते. वाढीची क्षमता आहे का, परतावा मोजता येईल का, पुढचा गुंतवणूकदार कोण, असे प्रश्न मग पाचशे पौंड मागणाऱ्या आजीबाईंनाही विचारले जातात. गंगाजळीच्या उत्पन्नावर जगणाऱ्या कोणत्याही संस्थेवर हा दबाव मार्च २००९ नंतर आणखी वाढणे स्वाभाविक होते, कारण बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला आणि तो कित्येक वर्षे तेथेच रेंगाळला. उत्पन्न आटले की भागीदार शोधावे लागतात, आणि भागीदार असतात सरकारी खाती किंवा मोठ्या कंपन्या.

या सगळ्यातून जे निष्पन्न होते त्याला मी भ्रष्टाचार म्हणणार नाही. त्याला एकमत म्हणावे लागेल, आणि सार्वजनिक जीवनात न मागता मिळालेले एकमत भ्रष्टाचाराइतकेच संशयाने पाहावे. या वर्तुळातल्या कोणालाही विचारले तरी समाजाच्या दुखण्याचे निदान साधारण एकच मिळते: प्रश्न सोडवण्याची धडाडी असलेली माणसे कमी आहेत, त्यांना भांडवल मिळत नाही, सरकार फार अवजड आहे. हे निदान पूर्णपणे चूक नाही. पण ज्या वर्षांत ते सर्वांत जोरात सांगितले जात होते त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये दुसरे काय चालले होते? राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे, इंग्लंडमधील स्थानिक प्राधिकरणांना केंद्राकडून मिळणारा निधी २०१०-११ ते २०१७-१८ या काळात महागाईचा हिशेब धरता ४९.१ टक्क्यांनी घटला. वाचनालये, युवक केंद्रे, वृद्धांची देखभाल यांवर त्याचा काय परिणाम होणार हे सांगायला सामाजिक उद्योजकाची प्रतिभा लागत नाही. निम्मा निधी काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत काही हजार पौंड घेऊन एका उत्साही तरुणाला उतरवायचे, यातली विसंगती दाखवून देणे हे खरे तर अशा संस्थांचे पहिले काम असायला हवे होते, कारण तळागाळातून येणारे अर्ज त्यांच्याच हाती पडत होते. कोणत्या गावात कोणती सेवा बंद पडली, हे मंत्रालयाच्या आधी त्यांना कळत असणार. परंतु ज्यांच्या भागीदारीवर आपला पुढचा कार्यक्रम अवलंबून आहे त्यांच्या अंदाजपत्रकावर टीका करणे अवघड असते, आणि टीका करू नका असे कोणाला सांगावेही लागत नाही.

नंतर तेही सांगितले गेले. २०१२ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’ या बाजारवादी विचारगटाने असे प्रतिपादन केले की सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्था तेच पैसे सरकारवर दबाव आणण्यासाठी वापरतात. त्याचा हवाला देत फेब्रुवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळ कार्यालयाने जाहीर केले की यापुढे अनुदानाच्या करारात असा वापर निषिद्ध करणारे कलम असेल. ओरड झाल्यावर ते कलम स्थगित झाले आणि वर्षअखेरीस त्याच्या जागी मवाळ निकष आले. गंमत अशी की हा विचारगट स्वतः एक धर्मादाय संस्था आहे आणि आपले देणगीदार कोण हे तो जाहीर करीत नाही. म्हणजे बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेने आपल्या अनुभवावरून मंत्र्याशी बोलणे संशयास्पद, आणि ज्याच्या पैशाचा पत्ता नाही त्याने मंत्र्याचे धोरण घडवणे मात्र विद्वत्ता. लागेबांधे कोणाचे हे पाहूनच त्यांना नाव दिले जाते.

जवळीक उघड्यावर कोसळते तेव्हा काय होते याचीही उदाहरणे आहेत. कॅमेरन यांच्या ‘बिग सोसायटी’ कल्पनेला चालना देण्यासाठी २०१० मध्ये ‘बिग सोसायटी नेटवर्क’ स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न धर्मादाय संस्थेला मंत्रिमंडळ कार्यालय आणि लॉटरी निधीकडून अनुदाने मिळाली आणि जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला त्या अनुदानांची चौकशी करावी लागली. अनुदान देणाऱ्यांची देखरेख आणि प्रकल्पांची फलश्रुती या दोन्ही बाबतीत निष्कर्ष प्रशंसेचे नव्हते. त्याआधी, २०११ मध्ये, या कल्पनेचे सरकारी सल्लागार लॉर्ड वेई, जे पूर्वी मॅकिन्झीत होते आणि ज्यांना याच कामासाठी उमरावपद मिळाले होते, त्यांनी आपल्या विनावेतन कामाचे आठवड्यातले तीन दिवस कमी करून दोन केले, कारण उरलेल्या दिवसांत पोटापाण्याचे पाहायचे होते. लोकांनी फावल्या वेळात समाजसेवा करावी असे सांगणाऱ्या योजनेवर याहून नेमकी टीका कोणा विरोधकालाही सुचली नसती.

‘किड्स कंपनी’चे प्रकरण अधिक गंभीर आहे. कामिला बातमँघेलिज यांनी १९९६ मध्ये लंडनमधील दुर्लक्षित मुलांसाठी ती स्थापन केली. दोन्ही पक्षांच्या पंतप्रधानांशी तिचे मैत्रीचे संबंध होते आणि विश्वस्तांचे अध्यक्षपद ॲलन येन्टॉब या बीबीसीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे होते. अधिकाऱ्यांनी वेळोवेळी चिंता व्यक्त करूनही अनुदाने चालू राहिली, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात खात्याच्या सचिवांचा सल्ला बाजूला ठेवून मंत्र्यांनी लेखी आदेशाने आणखी ३० लाख पौंड दिले. त्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१५ मध्ये, संस्था बंद पडली. न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे: विश्वस्तांना संचालकपदासाठी अपात्र ठरवावे ही मागणी उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली. विश्वस्त अप्रामाणिक नव्हते हे मान्य केले, तरी सरकारचा निर्णय कसा झाला हा प्रश्न उरतोच. तेवढ्याच गरजेच्या मुलांसाठी काम करणाऱ्या, पण पंतप्रधानांच्या निवासस्थानी कोणी ओळखत नसलेल्या संस्थेसाठी मंत्र्यांनी असा आदेश काढला असता का?

माझ्याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की अशा संस्था चालवायला पैसा आणि सत्ता दोन्ही समजणारी माणसे लागतात, ती माणसे थोडी असतात, म्हणून तीच तीच पुन्हा दिसतात. १० कोटींची गंगाजळी सांभाळणे हे हौशी लोकांचे काम नाही हे मला मान्य आहे. पैसा कोठे गुंतवला आहे याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे ‘अनलिमिटेड’च्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ‘कॉमिक रिलीफ’ने २०१३ मध्ये अनुभवले. तिच्या ठेवींचा काही भाग तंबाखू आणि शस्त्रास्त्र कंपन्यांत असल्याचे बीबीसीच्याच एका शोध-कार्यक्रमाने दाखवले, आणि पुढच्या वर्षी संस्थेला आपले गुंतवणूक-धोरण बदलावे लागले. पण या उदाहरणावरून तज्ज्ञ हवेत यापेक्षा वेगळेच काही कळते. तज्ज्ञ तेथे होतेच. क्षयरोग आणि युद्ध यांचे परिणाम भोगणाऱ्यांसाठी जमवलेल्या पैशाने तंबाखू आणि तोफा विकत घेऊ नयेत, हे सांगणारा कोणी त्या बैठकीत नव्हता, किंवा असलाच तर त्याचे कोणी ऐकले नाही.

म्हणून माझी मागणी लागेबांधे तोडण्याची नाही; ते तुटणारही नाहीत. पैशाचे मूळ सार्वजनिक असेल तर माहितीचा अधिकार त्या पैशामागोमाग जावा, मग तो पैसा कोणत्याही कायदेशीर आवरणात का असेना. विश्वस्त आणि मुख्याधिकारी यांनी मागील काही वर्षांत सरकारात, पक्षांत, बँकांत आणि सल्लागार कंपन्यांत कोणती पदे भूषवली, आणि त्या संस्थांशी सध्याचे करार कोणते, हे एका पानावर दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. यासाठी खर्च नगण्य आहे. अनुदान देणाऱ्या संस्थेतून थेट त्याच साखळीतल्या पुढच्या संस्थेत जाताना काही काळ मध्ये जावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी ही अनुदाने घेतली, ज्यांचे प्रकल्प फसले, आणि ज्यांच्या वस्तीत हे प्रकल्प झाले त्यांना विश्वस्त मंडळावर मत असावे. सल्लागार समितीत बसवून चहा पाजणे पुरेसे नाही. यशस्वी अनुदानार्थीला व्यासपीठावर बोलावून त्याची कहाणी सांगायला लावणे आता सर्वत्र होते. फसलेल्या अनुदानार्थीकडे ती जागा देण्याइतके धाडस असलेली संस्था मला अजून पाहायची आहे.

हे सारे जुन्या हिशेबाचे प्रश्न नाहीत. ‘बिग सोसायटी कॅपिटल’ने २०२४ मध्ये आपल्या नावातला ‘बिग’ काढून ‘बेटर’ घातला, परंतु तिच्याकडे येणारा प्रवाह आटलेला नाही. २०२२ च्या कायद्याने बेवारस मालमत्तेची व्याख्या बँक खात्यांपलीकडे विमा, निवृत्तिवेतन आणि रोख्यांपर्यंत नेली, आणि त्यातून कालांतराने सुमारे ८८ कोटी पौंड सामाजिक कामासाठी मोकळे होतील असा अंदाज तेव्हा सरकारने दिला. इंग्लंडमधला पैसा कशासाठी वापरावा यावर जाहीर सल्लामसलत करणे या कायद्याने बंधनकारक केले, आणि त्या सल्लामसलतीनंतर युवक, आर्थिक समावेशन आणि सामाजिक गुंतवणूक या जुन्या तीन हेतूंत ‘सामुदायिक संपत्ती निधी’ या चौथ्याची भर पडली. वंचित वस्त्यांना दीर्घ मुदतीसाठी रक्कम द्यायची आणि ती कशी खर्चायची हे रहिवाशांनी ठरवायचे, अशी ती कल्पना आहे. एकेकट्या धडाडीच्या माणसावर विसंबणाऱ्या विचारापासून ती बरीच दूर जाते. बंद पडलेले वाचनालय स्वयंसेवकांनी न चालवता नगरपरिषदेनेच पुन्हा उघडावे, आणि त्यासाठी लढण्यात आपल्या निधीचा काही भाग खर्च करावा, असे एखाद्या वस्तीने बहुमताने ठरवले तर अनुदानाच्या अटी तिला तसे करू देतील काय, यावरून मी या बदलाची खोली मोजीन.